आंब्याखाली गाडी

शंकेखोर : मे महिन्यात किहीमपासून दिवेआगरपर्यंत कुठल्याही वाडीत डोकावा, पाहुण्यांच्या गाड्या आंब्या-फणसाखाली लागलेल्या दिसतील. निघायच्या दिवशी बॉनेटवर, टपावर चिकाचे ठिपके दिसतात आणि सल्ल्यांना ऊत येतो. कोणी रॉकेल सांगतो, कोणी थिनर, कोणी टूथपेस्ट, कोणी नखानं हळूच उचकटायला सांगतो. माझं म्हणणं असं, की डागानं होत नाही तेवढं नुकसान तो काढणाऱ्या हातानं होतं. आजच्या गाडीचा रंग म्हणजे पत्र्यावर एकावर एक चढवलेले तीन-चार थर. त्यातला सगळ्यात वरचा, चमक देणारा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सहसा त्याहून जाड असतो. त्यावर दोन दिवसांची पुळणीवरची बारीक वाळू आणि खारी ओल बसलेली. अशा रंगावर कोरडं फडकं घेऊन चीक घासायला घेतला, की वाळूचा कण न् कण पॉलिश पेपरचं काम करतो. ठिपका जातो आणि त्या जागी वीतभर ओरखडे येतात. ते घालवायला रबिंग कंपाउंड, म्हणजे उरलेल्या थरातला आणखी थोडा खरवडून काढणं. हे दोन-तीनदा झालं की रंगावर नवा लेप चढवणाऱ्या कोटिंगवाल्याचं फावतं, त्याचे दर हजारोंच्या घरात. एवढा उपद्व्याप कशासाठी? गाडीनं गावाला पोचवायचं असतं, ते ती ठिपक्यांसकट पोचवते. डाग राहू द्यावा.

हौशी : ओरखड्यांचं पटलं, पण चुकीच्या हातानं काढू नये यातून काढूच नये असं निघत नाही. चीक म्हणजे वाळून गप्प पडून राहणारा ठिपका नव्हे. आंबा, काजू आणि बिब्बा हे एकाच कुळातले. परीट कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरत, कारण ती खूण कितीही धुतली तरी जात नाही. आणि बिब्बा अंगावर उतला की काय होतं ते जुन्या माणसांना विचारा. आंब्याच्या चिकातही त्याच जातकुळीची दाहक द्रव्यं असतात, शिवाय टर्पीन, म्हणजे ज्यांच्यामुळे चिकाला तो उग्र कैरीचा वास येतो. चीक बाटलीत धरून ठेवला तर त्याचे दोन थर होतात, वर तेलकट आणि खाली पाणीदार, आणि भाजतो तो वरचा. म्हणूनच झेल्यानं, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीनं, आंबा उतरवताना बोटभर देठ ठेवतात. देठ मुळापासून तुटला तर चीक पिचकारीसारखा उडतो, सालीवर ओघळतो, आणि फळ पिकेपर्यंत तिथे काळा चट्टा पडून आंब्याचा भाव उतरतो. हापूसच्या सालीचं जो असं करतो तो रंगाला सोडेल असं का मानावं? मेच्या उन्हात गडद रंगाचं बॉनेट ६० अंशांच्या पुढे सहज तापतं. त्या उष्णतेत क्लिअर कोट किंचित मऊ होतो. त्यावरचा चीक मात्र त्याच वेळी सुकत, आकसत असतो आणि आकसताना रंगाला आपल्याकडे ओढतो. रात्री पत्रा निवला की तो ताण तसाच गोठतो. आठवड्यानं चीक काढलात तरी ठिपक्याच्या कडेनं एक बारीक कंगोरा राहतो, बोट फिरवल्यावर लागणारा. पहिल्या दिवशी डाग रंगावर असतो, नंतर तो रंगात असतो. राहू द्यावा हा तुमचा सल्ला या फरकाकडे बघतच नाही.

शंकेखोर : मग तर माझंच म्हणणं पक्कं झालं. चीक इतका जहाल असेल तर झाडाखाली गाडी लावूच नये. उघड्यावर लावावी.

हौशी : उघड्यावर काय होतं तेही बघा. क्लिअर कोटचा खरा शत्रू ऊन आहे. अतिनील किरणांनी त्याचे धागे तुटत जातात, आधी चमक जाते, मग टपावर आणि बॉनेटवर पांढुरके पापुद्रे सुटू लागतात. शहरात सोसायटीच्या गच्चीखाली जागा न मिळालेल्या दहा वर्षांच्या गाड्या आठवा, बहुतेकींचा टप सोललेला. त्यावर उपाय एकच, तो भाग पुन्हा रंगवणं. म्हणजे सौदा असा आहे : सावलीत लावली तर असा डाग पडतो जो वेळेवर निघतो, उन्हात लावली तर अशी झीज होते जी भरून येत नाही. तिच्यामुळे एका दिवसात काही दिसत नाही म्हणून आपण ती हिशेबात धरत नाही. आतलं सीट, डॅशबोर्ड, रबराच्या पट्ट्या यांचं तर बोलतच नाही. फक्त एक अपवाद, माडाखाली लावू नये. तिथे चिकाचा प्रश्नच येत नाही, नारळ पुरेसा असतो.

शंकेखोर : हा सौदा वाडीत कायम राहणाऱ्या माणसाच्या गाडीला लागू आहे, जिला सकाळ-संध्याकाळ सावली मिळते. रायगडच्या किनाऱ्यावर येणारी गाडी तशी नसते. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोटीतून गाड्या उतरतात, २०२४ च्या जानेवारीपासून अटल सेतू झाला. मुंबईकर शुक्रवारी रात्री येतो, गाडी फणसाखाली लावतो, आणि शनिवारी भर दुपारी ती काशीदच्या किंवा नागावच्या किनाऱ्यालगत उन्हात नेऊन उभी करतो. म्हणजे चीक झाडाचा आणि भट्टी समुद्रावरची. मघाशी तुम्ही जी क्रिया सांगितलीत, रंग मऊ होणं आणि चीक आकसणं, तिला याहून चांगली सोय नाही. अर्धवेळ सावली ही पूर्ण उन्हापेक्षा वाईट. आणि दुसरं. हाच गृहस्थ चाकं ओल्या वाळूत उतरवतो, लाटेच्या पाण्यातून फोटोसाठी एक चक्कर मारतो. ते मीठ चाकांच्या कमानीत, दारांच्या खालच्या भोकांत, तळाच्या जोडांत जाऊन बसतं आणि पत्रा आतून खातं. चीक दिसतो म्हणून त्याच्यावर चार फडकी खर्च होतात, मीठ दिसत नाही म्हणून त्याला तांब्याभर गोडं पाणीही मिळत नाही. डागाची चिंता ही गाडीची काळजी नसते, गाडी कशी दिसते याची काळजी असते.

हौशी : अर्धवेळ सावलीचा मुद्दा बिनतोड आहे. झाडाखालून गाडी काढून उन्हात न्यायची असेल तर त्याआधी टप-बॉनेट पाहून घ्यावं, हे माझ्या बोलण्यात राहिलं होतं. पण दिसणाऱ्या डागाची निंदा करू नका. जो माणूस एका ठिपक्यासाठी वाकून बॉनेट बघतो तोच उद्या कमानीत वाकून बघण्याची शक्यता आहे. आता मूळ गोष्टीकडे येऊ, कारण काढावा की राहू द्यावा हा वाद करताना आपण दोघंही एक गृहीत धरतोय, की झाडावरून पडलेलं सगळं चिकट म्हणजे चीकच. तसं नसतं. डिसेंबर ते मार्च, मोहोराच्या दिवसांत, आंब्याखालच्या गाडीवर जो बारीक, चकचकीत, तुषार मारल्यासारखा थर बसतो तो झाडाचा नसतोच. मोहोरावरचे तुडतुडे रस शोषतात आणि जास्तीची साखर मधासारख्या द्रवाच्या रूपानं सोडतात. पानांवर तोच द्रव साचून पुढे काळी बुरशी धरते, जिला बागायतदार वैतागलेले असतात. हा थर साखरेचा, म्हणजे पाण्यात विरघळणारा. कोमट पाणी आणि साबण, काम संपलं. त्याला रॉकेल लावणारा माणूस उगाच रॉकेल फुकट घालवतो. फणसाचं तिसरंच. तो दुधी चीक रबरासारखा, ताणला तर तार निघते, नुसत्या पाण्यानं निघत नाही. आंब्याचा खरा चीक एप्रिल-मेमध्ये, फळं उतरताना किंवा वाऱ्यानं देठ मोडताना पडतो; मोठा, तपकिरी, कडेला काळसर पडत गेलेला थेंब. ओळखायची रीत सोपी आहे. कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं ठिपक्यावर पाच मिनिटं नुसतं ठेवायचं. विरघळला तर तुडतुड्यांचा, पांढुरका होऊन लवचीक झाला तर फणसाचा, ढिम्म राहिला तर आंब्याचा.

शंकेखोर : आणि ढिम्म राहिला की तुम्ही बाटली काढणार.

हौशी : काढणार, पण स्वयंपाकघरातली. फणस फोडायच्या आधी कोकणातली कुठलीही बाई विळीला आणि हातांना खोबरेल फासते. कोणी तिला रसायनशास्त्र शिकवलेलं नसतं, पण शास्त्र तेच आहे : चीक तेलाला धरतो, पाण्याला नाही. गाडीवरही तेच. आधी बादलीभर पाणी नुसतं ओतून वाळू आणि मीठ वाहून जाऊ द्यायचं, हात न लावता. मग सावलीत, गार पत्र्यावर, ठिपक्यावर खोबरेलाचा थेंब आणि वर कापसाचा बोळा. पंधरा-वीस मिनिटं. यात सगळ्यात अवघड भाग ही वीस मिनिटंच आहे, कारण माणसाला घासल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही. फणसाचा चीक या वेळात सुटून गोळी होतो आणि बोटानं वळत निघतो. आंब्याचा मऊ होतो. उरलेला तपकिरी भाग सॅनिटायझरमध्ये असतं तसलं अल्कोहोल मायक्रोफायबरवर घेऊन टिपायचा, पुसायचा नाही. फडक्याची घडी दर वेळी बदलायची. शेवटी शाम्पूनं धुऊन तेलाचा अंश घालवायचा, नाहीतर तुमची ती वाळू त्याच तेलावर येऊन बसेल. यात नख, सुरी, काथ्या, टूथपेस्ट कुठेच नाही. ओरखड्याचा तुमचा आक्षेप घासण्याला होता. इथे घासणं नाही.

शंकेखोर : कागदावर सुरेख आहे. आता वाडीत करून बघा. पहिलं, पाणी. एप्रिल-मेमध्ये समुद्राजवळच्या कितीतरी विहिरी मचूळ होतात. त्या पाण्यानं धुतलेली गाडी उन्हात सुकली की क्षारांचे पांढरे गोल ठिपके उमटतात. एक डाग काढायला गेलात, पन्नास मिळाले. दुसरं, रंग. तुमचं सगळं गणित कारखान्यात १४० अंशांच्या आसपास भाजलेल्या रंगावर बेतलेलं आहे. आपल्याकडे एकदा तरी ठोकर न खाल्लेली गाडी दाखवा. नाक्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे रंगवलेला दरवाजा किंवा बंपर हा हवेत सुकवलेला किंवा फार तर साठ-सत्तर अंशांवर भाजलेला असतो. त्यावर सॅनिटायझर चोळला तर चिकाबरोबर रंगही फडक्यावर येऊ शकतो. आणि थिनर वापरला तर विचारायलाच नको. तिसरं, उरलेलं पाणी जातं कुठे? वाडीत सांडलेलं पाणी पाटानं पोफळींच्या मुळाशी जातं आणि मुरून पुन्हा विहिरीत. खोबरेल आणि शाम्पूचं सोडा, पण तुमच्यासारखा धीर नसलेले दहाजण पेट्रोल आणि थिनरच वापरणार. त्या विहिरीतून यजमान पाणी पितो.

हौशी : पाण्यावर उपाय आहे, बाटलीभर पिण्याचं पाणी शेवटी ओतून लगेच टिपून घेणं, पण ज्या गावात मेमध्ये टँकरची वाट बघतात तिथे हे सांगताना जीभ अडखळते, हे कबूल. पुन्हा रंगवलेल्या भागाचा मुद्दा खरा आहे. म्हणून त्याच भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेला आधी एक थेंब लावून बघावा, फडक्यावर रंग उतरला तर तेलावरच थांबावं. थिनर बादच. पण एक गंमत लक्षात घ्या. चिकाचा जो गुण आपल्याला छळतो, एकदा बसला की पाण्यानं हलत नाही, तोच या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या कामाला आला. लाकडी होड्यांना राळ आणि तेल, उंडीचं तेल. फणसाचा चीक तापवून मातीची भांडी सांधायला आणि होड्यांच्या फटी बुजवायला वापरल्याच्या नोंदी आहेत. काजूच्या टरफलातलं तेल आजही रंगांत, व्हार्निशात आणि गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जातं. ज्या गाडीच्या बॉनेटवरचा आंब्याचा चीक आपल्याला खुपतो, तिच्या ब्रेकमध्ये आंब्याच्या सख्ख्या भावकीतला चीक काम करत असू शकतो. म्हणून डागाकडे घाण म्हणून बघणं मला पटत नाही. तो एक चांगला लेप आहे, नको त्या जागी बसलेला. लेप कसा सुटतो हे माहीत असलं की झाडाबद्दलचा राग उतरतो, आणि मला खरा रस त्यात आहे. गाडीवर चीक पडतो म्हणून फांदी उतरवा अशी पाहुण्यांची तक्रार वाडीवाल्याकडे जाते. डाग वीस मिनिटांत निघतो हे पाहुण्याला माहीत असेल तर ती तक्रार होणार नाही.

शंकेखोर : इथे तुम्ही फार मोठं ओझं एका खोबरेलाच्या बाटलीवर टाकताय. झाडं डागांमुळे जात नाहीत, जागेमुळे जातात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, अलिबाग या पट्ट्यातल्या वाड्यांतले कितीतरी जुने आंबे-फणस आणि पोफळी-माड आडवे झाले. पोफळ लावल्यापासून हाती काही यायला सहा-सात वर्षं जातात, कलमाच्या आंब्यालाही धीर लागतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत गाड्या लावल्या तर पैसा पहिल्याच शनिवारी येतो. तिथे कोणी डागाचा विचार करत बसत नाही. उभ्या झाडांचं म्हणाल तर कायदा आहे. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ आहेत, स्वतःच्या जमिनीतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. पण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायला परवानगी कोण मागतं? मुळांना ना पाणी ना हवा, वरून रोज गाड्यांचा भार. झाड हळूहळू वठतं, मग वाळलेलं म्हणून रीतसर निघतं. म्हणजे चिकाची तक्रार करणारा पाहुणा झाडाला तेवढा घातक नाही, जेवढा त्याच झाडाखाली समाधानानं गाडी लावणारा आहे. तुमच्या युक्तीनं तक्रार थांबेल. गाडी मात्र मुळांवरच राहील, आता अपराधी न वाटता.

हौशी : हे मला बोचलं, कारण उत्तर अर्धंच आहे. बुंध्याभोवती वाफा मोकळा ठेवून, फरशीऐवजी चिरे सुटे मांडून, फांद्यांच्या कडेच्या सावलीत गाड्या लावता येतात. तिथे चीकही कमी पडतो, कारण जड फळांच्या फांद्यांखाली आपण नसतो. पण हे करायचं वाडीवाल्यानं, आणि त्याच्या चार गाड्यांच्या जागेत तीनच बसतील. एका गाडीचं भाडं कोण सोडणार, हे मी सांगू शकत नाही. तरी तुमच्या बोलण्यात एक फट आहे. कडक उन्हात उभी असलेली गाडी वाडीवाल्याला झाडाची किंमत कळू देत नाही. सावलीची जागा म्हणून तो पाहुण्याकडून जास्त मागू लागला, तर झाड वठणं हा त्याचा तोटा ठरतो. चीक निघतो हे माहीत असल्याशिवाय पाहुणा त्या सावलीचे पैसे देणार नाही. म्हणून खोबरेलाची बाटली झाड वाचवत नसेल, पण झाडाला भाव मिळण्यातली एक अडचण दूर करते.

शंकेखोर : भाव आला की आणखी गाड्या येतात. पण ते राहू द्या, तुमच्या सौद्याची परीक्षा घेणारा एक दिवस सांगतो. रायगडचा हापूसही २०१८ पासून भौगोलिक मानांकनात आहे, वाडीवाल्यासाठी ते झाड आधी पीक आहे, सावली नंतर. आंबे उतरवायचे सकाळच्या गारव्यात, आणि मेमध्ये वाडी पाहुण्यांनी भरलेली. गडी झेला घेऊन झाडावर. कितीही जपलं तरी एखादा देठ मुळापासून तुटणार, चीक उडणार, खाली तुमची गाडी, तिची किल्ली खोलीत झोपलेल्या माणसाच्या उशाशी. आता वाडीवाल्यानं दार वाजवावं, की तोडणी दुपारवर ढकलावी?

हौशी : आदल्या रात्रीच सांगून ठेवावं.

शंकेखोर : सांगतात. पाहुणा म्हणतो, हो हो, हलवतो सकाळी. आणि साडेसहाला गडी फांदीवर असतो.

हौशी : मग गाडीवर ताडपत्री टाकावी.

शंकेखोर : वाऱ्यात ताडपत्री आणि टप यांच्यामध्ये काय घासतं ते आपण सुरुवातीलाच बोललो. आणि टाकायची कोणी, त्याच गड्यानं? त्याची मजुरी आंब्यांची ठरलेली असते, ताडपत्रीची नाही.

हौशी : ताडपत्रीची मजुरी गाडीवाल्यानं द्यावी. आंब्याच्या पेटीचे पैसे देताना तेवढी वेगळी द्यावी.

शंकेखोर : तो म्हणेल, सावलीचे पैसे मी आधीच दिलेत, तुमच्याच सांगण्यावरून.